कोरियाच्या डोंगरातले तीन विहार

प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन दहा दिवस कोरियाला जायचंय. कुटुंब नागपूरचं, बौद्ध, घरी रोज त्रिशरण-पंचशील होतं. बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात आणि आई शाकाहारी. डोंगरातली प्राचीन बौद्ध मंदिरं दाखवायची म्हणून यादी केली तर ती चौदावर गेली. ती दहा दिवसांत कशी बसवायची, राहायचं कुठे, आईच्या जेवणाचं काय आणि तिथे वागायचं कसं?

जय भीम. मी गेली बारा वर्षं बुसानला आहे. माहेर औरंगाबादचं, म्हणजे लेणी बघतच वाढले. इथे आल्यापासून सुट्टी मिळाली की डोंगरातल्या विहारांत जाते, आणि घरची-ओळखीची बरीच माणसं हाताला धरून नेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते: चौदा नको, तीन करा. वाटेत जमलं तर आणखी दोन.

तुम्ही 'मंदिर' लिहिलंय, पण तुमच्या घरात जो शब्द आहे, 'विहार', तोच इथे बरोबर बसतो. नावाच्या शेवटी येणारा 'सा' म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण. ही नुसती बघायची वास्तू नाही. तिथे आज, आत्ता माणसं राहतात, पहाटे उठतात, भाजी निवडतात, पाठ म्हणतात. हे दिसायला वेळ द्यावा लागतो. सकाळी एक, दुपारी एक अशी धावपळ केली तर तिसऱ्या दिवशी आई विचारेल, "हे कालचंच का रे?" रंगीत वासे, वळलेली कौलं, तीन सोनेरी मूर्ती, सगळं सारखं वाटायला लागतं. तो दोष विहारांचा नाही, आपल्या घाईचा.

तीनच का, आणि कोणते? कोरियात तीन विहारांना मिळून 'साम्बो साचाल' म्हणतात, त्रिरत्नांचे विहार. तोंगदोसा हा बुद्धाचा, हेइन्सा धम्माचा आणि सोंगग्वांगसा संघाचा. तुमच्या घरी रोज जे म्हटलं जातं, त्याच क्रमाने तीन डोंगर. बाबांना एवढं एक वाक्य सांगितलंत की पुढे कुठलीही यादी लागणार नाही. मी माझ्या आईला असंच नेलं होतं.

तिन्ही दक्षिणेत आहेत. सोलहून केटीएक्सने, म्हणजे इथल्या वेगवान रेल्वेने, अडीच-पावणेतीन तासांत बुसान. तिथून तोंगदोसा. मग ट्रेनने दॅगू, तिथून हेइन्सा. दॅगूहून बसने सुनचॉन, तिथून सोंगग्वांगसा. सुनचॉनहून केटीएक्सने परत सोल. असा वळसा पूर्ण होतो, एकच रस्ता दोनदा करावा लागत नाही. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये किंवा हॉटेलात ठेवा, डोंगरात पाठीवरची एकच पिशवी न्या.

आधी 'प्राचीन' या शब्दाबद्दल बोलते, नाहीतर बाबा हिरमुसतील. अजिंठा-वेरूळ पाहिलेला माणूस जुनं म्हणजे दगड असं धरून चालतो. इथले विहार लाकडाचे आहेत आणि लाकूड जळतं. १५९२ ते १५९८ या काळात जपानने कोरियावर स्वारी केली, तेव्हा देशातले बहुतेक मोठे विहार राख झाले. ग्योंगजूचा बुलगुक्सा विहार १५९३ मध्ये जळला. कोरियन युद्धात पुन्हा तेच. अलीकडचं म्हणाल तर मार्च २०२५ च्या वणव्यात उइसॉंगजवळच्या गोउन्सा या हजार वर्षांहून जुन्या विहारातल्या नामांकित लाकडी इमारती गेल्या. तेव्हा फलकावर 'स्थापना ६४६' वाचलं तरी समोरची इमारत बहुधा सतराव्या-अठराव्या शतकातली असते, कधी गेल्या पन्नास वर्षांतलीही. जुनी आहे ती जागा, दगडी चौथरे, स्तूप, दिव्यांचे दगडी खांब आणि तिथली दिनचर्या. खरोखर जुनं लाकूड बघायचंच असेल तर उत्तरेकडे आन्दोंगजवळ बोंगजॉंगसाचं अमिताभ-दालन आहे. १९७२ मध्ये ते दुरुस्तीला उघडलं तेव्हा आतल्या नोंदीत १३६३ साली छप्पर दुरुस्त केल्याचं सापडलं. म्हणजे मूळ बांधणी त्याच्याही आधीची, देशातली सगळ्यात जुनी लाकडी इमारत तीच मानतात.

आणि विहार डोंगरात का? सगळे सुरुवातीपासून तिथे नव्हते. सिल्ला आणि गोर्यो राजवटींत शहरांतही मोठमोठे विहार होते. १३९२ मध्ये जोसॉन राजवट आली, ती कन्फ्युशियसच्या विचारांची. तिने विहारांच्या जमिनी काढून घेतल्या, भिक्खूंना राजधानीत शिरायला बंदी केली, त्यांना समाजाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ढकललं. शहरातले विहार संपले, डोंगरातले तगले. हा भाग बाबांना नक्की सांगा. धम्म सत्तेने हाकलला, सामान्य माणसांनी, विशेषतः बायकांनी, डोंगर चढून तो जिवंत ठेवला, ही गोष्ट त्यांना कुणी समजावून द्यावी लागणार नाही.

आता तोंगदोसा. बुसान मेट्रोच्या एक नंबरच्या मार्गाचं शेवटचं स्टेशन नोपो, तिथल्या बसस्थानकावरून साधारण अर्ध्या तासात विहाराखालच्या गावात पोचता येतं. तिथून टॅक्सी थेट आत जाते, पण ती घेऊ नका. आईलाही चालत न्या. ओढ्याच्या कडेने जुन्या पाइन वृक्षांमधून जाणारी ही वाट किलोमीटरभर आहे, सपाट आहे, आणि झाडं अशी वाकडी-तिकडी झुकलेली की वाऱ्यात नाचताना थांबल्यासारखी दिसतात. या वाटेचा विहाराशी संबंध काय, असं वाटेल. पण इथे विहार वाटेपासूनच सुरू होतो. पहिली कमान म्हणजे 'इल्जुमुन', बाजूने बघितलं तर तिचे सगळे खांब एका रेषेत येतात. मन एकाग्र करून आत या, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या दारात चार अवाढव्य, डोळे वटारलेले राजे उभे असतात. लहान मुलं घाबरतात. कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या वीणेसारखं वाद्य. हे आपले चार लोकपाल: धतरट्ठ, विरूळ्हक, विरूपक्ख, वेस्सवण. पाली साहित्य वाचणाऱ्या माणसाला ही नावं अनोळखी नाहीत.

तोंगदोसाची स्थापना ६४६ ची, सिल्लाच्या राणी सॉन्दॉकच्या काळातली. जाजांग नावाच्या भिक्खूने चीनमधून बुद्धधातू, म्हणजे बुद्धांचे अस्थी-अवशेष, आणले आणि ते इथे ठेवले अशी परंपरा आहे. म्हणून मुख्य दालनात मूर्तीच नाही. तिथे शिरल्यावर समोर रिकामं सिंहासन आणि त्याच्या मागे आडवी लांब खिडकी. खिडकीतून दिसतो तो दगडी चौथरा, त्यावर घंटेच्या आकाराचा स्तूप. माणसं खिडकीकडे तोंड करून वंदन करतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मूर्ती कुठे आहे म्हणून डावी-उजवीकडे बघत राहिले होते. शेजारच्या आजींनी माझ्या कोपराला हलकेच धरून मला खिडकीकडे वळवलं. दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर उभं राहिलेल्या माणसाला ते लगेच उमगेल. चौथऱ्याजवळ मात्र ठरावीक दिवशी आणि ठरावीक वेळेतच सोडतात, ते नसलं तरी खिडकी पुरेशी आहे.

मागच्या डोंगराचं नाव 'योंगचुक्सान' म्हणजे गृध्रकूट. राजगीरचा तोच, जिथे बुद्धांनी उपदेश केला. विहाराच्या नावाचा एक अर्थ असाही सांगतात की या डोंगराचा आकार भारतातल्या गृध्रकूटासारखा आहे. हजारो किलोमीटरवर राहून, कधीही भारत न बघितलेल्या माणसांनी आपल्या डोंगरांना अशी नावं दिली. हेइन्सा ज्या डोंगरात आहे तो 'गायासान', आणि त्याचं नाव बुद्धगयेवरून आलं असंही एक मत आहे.

हेइन्साला दॅगूच्या पश्चिम बसस्थानकावरून (सोबू टर्मिनल) साधारण दीड तास लागतो. इथे चढ आहे. बस उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं वर चालावं लागतं, आणि आवारातही पायऱ्या आहेत. आईला सावकाश न्या, मध्ये बसायला जागा आहेत. तुम्ही स्वतः पहाटे मोकळे असाल तर खालच्या दरीतून ओढ्याकाठी येणारी 'सोरीगिल' ही सहा-सात किलोमीटरची वाट करा. ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथले मेपल लाल होतात आणि पाण्यातही तोच रंग उतरतो.

हेइन्सा धम्माचा विहार, कारण इथे त्रिपिटक आहे. पुस्तकात नाही, लाकडावर. तेराव्या शतकात मंगोल स्वाऱ्या चालू असताना, छपाईसाठी आधी कोरलेल्या फळ्या १२३२ मध्ये जळून गेल्यावर, गोर्यो राज्याने सगळं त्रिपिटक पुन्हा कोरायला घेतलं. १२३७ ते १२४८ असं ते काम चाललं. ८१,२५८ लाकडी फळ्या, बहुतेक रानचेरी आणि रानपेअरच्या लाकडाच्या, दोन्ही बाजूंनी उलटी अक्षरं कोरलेली, एकेक फळी तीन-साडेतीन किलोची. पाच कोटींवर अक्षरं. देश जळत असताना माणसं बसून अक्षरं कोरत होती, हे मला अजूनही पूर्ण पचत नाही.

आणि त्या फळ्या ठेवलेली कोठारं बघा. पंधराव्या शतकातल्या साध्या, रंग न दिलेल्या लांब इमारती. त्यांच्या खिडक्या नीट बघायच्या: पुढच्या भिंतीत वरची खिडकी लहान आणि खालची मोठी, मागच्या भिंतीत बरोबर उलटं. त्यामुळे हवा आत शिरते, आत फिरते आणि मग बाहेर पडते. जमिनीत माती, कोळसा, मीठ आणि चुना घालून ती ठोकलेली, म्हणजे दमट दिवसांत ओल शोषायची आणि कोरड्या दिवसांत सोडायची. विहाराला सात मोठ्या आगी लागल्या, मुख्य दालन जळलं, पण कोठारं वाचली. १९५१ मध्ये, कोरियन युद्धात, डोंगरात लपलेल्या गनिमांवर बॉम्ब टाकायचा हुकूम आला तेव्हा वैमानिक कर्नल किम योंग-ह्वान यांनी तो पाळला नाही, म्हणून हे सगळं आज आहे. फळ्या लाकडी गजांमधून दिसतात. आत अंधार असतो, डोळे सरावायला मिनिटभर लागतं, मग एकावर एक रचलेल्या फळ्यांच्या कडा दिसू लागतात. घाई करून पुढे जाऊ नका.

हेइन्साला संध्याकाळ धरूनच जा. पूजेच्या आधी, सहाच्या सुमाराला (ऋतूप्रमाणे वेळ बदलते), चार वाद्यं वाजतात. मोठा ढोल जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, लाकडी मासा पाण्यातल्या जिवांसाठी, ढगाच्या आकाराची कांस्याची तबकडी पाखरांसाठी आणि घंटा नरकात पडलेल्यांसाठी. संध्याकाळी घंटेचे ३३ ठोके. ढोल माणसाच्या उंचीपेक्षा मोठा असतो, भिक्खू त्याच्यापुढे हात वर करून उभा राहतो, बाह्यांचे घोळ हलतात, दमला की दुसरा पुढे येतो आणि ताल तुटत नाही. पंढरपूरच्या वाटेवर पखवाज ऐकलेल्या माणसालाही हा ढोल वेगळा वाटेल, कारण त्यात उत्साह नाही, हाक आहे. शेवटचा घंटेचा ठोका विरल्यावर डोंगरात किती वेळ गुणगुण राहते ते ऐका.

तिसरा सोंगग्वांगसा. सुनचॉनहून सिटी बस जाते, सव्वा-दीड तास धरा. हा संघाचा विहार, कारण बाराव्या शतकाच्या शेवटी जिनुल (११५८–१२१०) या भिक्खूंनी इथे राहून भिक्खूंचं विस्कटलेलं जीवन पुन्हा शिस्तीत आणलं, ध्यान आणि ग्रंथाभ्यास यांचा मेळ घातला, आणि पुढे इथून सोळा 'राष्ट्रगुरू' झाले. आजही हे ध्यान शिकवण्याचं मोठं केंद्र आहे. बाकीच्या विहारांत छपराच्या कोपऱ्याला छोट्या घंट्या किणकिणत असतात, इथे त्या नाहीत. ध्यानाला बसलेल्यांना त्रास नको म्हणून. दगडी स्तूपही नाही. शिरताना ओढ्यावर एक कमानीचा पूल आणि त्यावरच बांधलेला मंडप आहे, तिथे बसून पाण्यात मंडपाची सावली बघायची. मागच्या डोंगरात 'मुसोयु' नावाची पायवाट आहे, मुसोयु म्हणजे अपरिग्रह. भिक्खू बॉपजॉंग (१९३२–२०१०) त्या टोकाच्या कुटीत बरीच वर्षं एकटे राहिले. वाटेवर चढ आहे, आईला नको.

याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर सॉनामसा आहे, आणि दोन विहारांना जोडणारी साडेसहा किलोमीटरची डोंगरवाट कोरियातल्या सगळ्यात सुंदर वाटांपैकी एक. मध्ये खिंडीखाली सातूच्या भाताची खानावळ आहे, रानभाज्या आणि तिखट चटणी घालून भात मिळतो. ही तीन-चार तासांची चाल तुम्ही एकट्याने करा, आई-बाबा त्या सकाळी सोंगग्वांगसातच राहू देत.

रात्रीचा मुक्काम हवाच, आणि तो विहारातच. याला 'टेम्पलस्टे' म्हणतात. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी परदेशी पाहुण्यांसाठी ही सोय सुरू झाली, आता देशभरातल्या शंभराहून अधिक विहारांत आहे. एका माणसाचे एका रात्रीचे साधारण ५० हजार ते १ लाख वॉन, जेवणासकट. दोन प्रकार असतात: 'विश्रांती'चा, ज्यात पूजा आणि जेवण सोडलं तर कसलीच सक्ती नाही, आणि 'अनुभवा'चा, ज्यात १०८ वंदनं, माळ ओवणं, ध्यान, भिक्खूंबरोबर चहा असं वेळापत्रक असतं. आई-बाबांबरोबर विश्रांतीचाच घ्या. कुटुंबाला बहुतेक ठिकाणी एकच खोली मिळते. अनुभवाच्या प्रकारात पुरुष आणि बायका वेगळ्या खोल्यांत झोपवतात. खोलीत पलंग नसतो, गरम जमिनीवर गादी. खरं तर ती ऊब दुखऱ्या गुडघ्यांना बरी वाटते, प्रश्न उठण्या-बसण्याचा आहे. बुकिंग करताना स्पष्ट लिहा की आईला जमिनीवर बसता येत नाही, खुर्ची लागेल. आजकाल बऱ्याच विहारांत वयस्क भक्तांसाठी मागच्या बाजूला खुर्च्या असतात, आणि पूर्ण दंडवत जमत नसेल तर उभ्याने हात जोडून कमरेत वाकलं तरी चालतं. कुणी वाईट मानत नाही.

पहाटे चारच्या आसपास, कुठे त्याच्याही आधी, एक भिक्खू लाकडी 'मोक्ताक' वाजवत आवारातून फिरतो. हाच गजर. थंडी पाच अंशांच्या जवळ असते, स्वेटर आणि जाड मोजे लागतातच, कारण दालनात बूट काढून जायचं असतं. पूजेत शेवटी प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हणतात, चिनी अक्षरांच्या कोरियन उच्चारात, एका लयीत. काही कळत नाही. आणि मग शेवटची ओळ येते: "आजे आजे बारा-आजे बारासुंग-आजे मोजी साबाहा." गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. दीड हजार वर्षं आणि तीन लिप्या ओलांडून आलेलं आपल्याकडचं वाक्य. पहिल्यांदा ओळखू आलं तेव्हा मी पुढचं म्हणायचीच थांबले होते.

माझी आई मात्र वेगळ्याच ठिकाणी ओळख लावून बसली. सोंगग्वांगसात संध्याकाळची पूजा संपली, माणसं बसायच्या उशा गोळा करून कोपऱ्यात रचत होती. आई मागे खुर्चीवर होती. तिने सवयीने हात जोडले आणि हळू आवाजात "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू केलं, घरी म्हणते त्या चालीत. हातात उशी घेतलेल्या एक बाई थांबल्या. उशी तशीच छातीशी धरून त्या आईकडे वळल्या आणि "बुद्दाम सारानाम गाच्छामी" म्हणत तिच्या मागोमाग येऊ लागल्या. धम्म झाला, संघ झाला, दुतियम्पि झालं. मग दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करत राहिल्या, आधी कुणी थांबायचं ते ठरेना. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता.

बाबांना मात्र काही गोष्टी खटकतील, आणि त्याची तयारी घरूनच करून जा. मुख्य दालनाच्या मागे, थोडं उंचावर एक छोटी खोली असते, आत पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि शेजारी वाघ असं चित्र. हा डोंगराचा देव, 'सानशिन'. आणखी एका दालनात मेलेल्या माणसाचा न्याय करणारे दहा राजे असतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस विचारणारच, "हे बुद्धाच्या विहारात कशाला?" माझ्या वडिलांनीही विचारलं होतं. मला समजलेलं उत्तर असं: डोंगराचा देव बौद्ध भिक्खू येण्याआधीपासून तिथल्या लोकांचा होता. धम्माने त्याला हाकललं नाही, मागच्या बाजूला जागा दिली. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म वेगळ्या लढाईतून आला, त्यात अशा तडजोडीला जागा नव्हती आणि नसायलाच हवी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तिथे बाबांनी हात जोडलेच पाहिजेत असं कुणी म्हणणार नाही. बाहेरून बघून पुढे जायला पूर्ण मोकळीक आहे.

वागण्याचे नियम फार नाहीत. दालनाला समोर तीन दारं असतात, मधलं भिक्खूंचं, आपण बाजूच्या दाराने आत जायचं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. आत फोटो काढायचे नाहीत, मूर्तीकडे पाठ करून सेल्फी तर नाहीच. भिक्खूंना 'सुनीम' म्हणतात, विहारात काम करणाऱ्या बायकांना 'बोसाल्लिम'. हा बोसाल म्हणजे बोधिसत्त्व. स्वयंपाकघरातल्या बाईंना "बोधिसत्त्व" म्हणून हाक मारायची ही पद्धत मला फार आवडते. नमस्कार आपल्यासारखाच, हात जोडून.

जेवणाचं. विहाराच्या आत आईला काहीही विचारावं लागणार नाही. मांस-मासे-अंडी नाहीतच, शिवाय लसूण, कांदापात, कांद्याच्या जातीच्या इतर भाज्या हेही वर्ज्य. वर्ज्य पाच पदार्थांच्या मूळ यादीत 'हुंगगॉ' नावाचा एक पदार्थ आहे, तो म्हणजे हिंग. संस्कृत 'हिंगु'चाच चिनी उच्चारातून आलेला शब्द. हिंग कोरियात पिकत नाही, त्यामुळे तिथल्या बहुतेकांनी तो कधी बघितलेलाही नाही, पण यादीत तो राहिला. तेव्हा आईच्या पिशवीतली हिंग घातलेली चटणी विहारात काढू नका. जेवण साधं असतं: भात, सोयाबीनच्या आंबवणाची आमटी, दोन-तीन रानभाज्या, लसूण आणि मासळी न घातलेली किमची, म्हणजे आंबवलेली तिखट भाजी. हवं तेवढंच वाढून घ्यायचं, ताटात काही टाकायचं नाही, आपलं भांडं आपण धुवायचं.

अडचण विहाराबाहेर आहे. खालच्या गावात सगळीकडे रानभाज्यांचं बिबिमबाप, म्हणजे भाज्या कालवून खायचा भात, मिळतं आणि ते शाकाहारी दिसतं, पण वर अंडं असतं, आमटीत सुक्या मासळीचं पाणी आणि किमचीत मासळीचं खारवण. "गोगी, सेंगसन, ग्येरान प्पे जुसेयो" एवढं म्हणा: मांस, मासे, अंडं वगळून द्या. मासळीचं पाणी कटाक्षाने टाळायचं असेल तर आमटी बाजूलाच ठेवायला सांगा. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या, बसच्या प्रवासात उपयोगी पडते.

दोन जोडठिकाणं. बुसान आणि दॅगूच्या मध्ये ग्योंगजू लागतं, तिथे बुलगुक्सा आणि सॉक्कुराम आहेत. बुलगुक्सात गर्दी फार, सकाळी उघडल्या-उघडल्या जा. सॉक्कुराम मात्र महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने बघायलाच हवं. आपल्याकडे सह्याद्रीचा बेसॉल्ट कोरून आत शिरता आलं. इथला ग्रॅनाइट तसा कोरता येईना, म्हणून आठव्या शतकात, ७५१ पासून, ग्रॅनाइटचे तासलेले दगड एकमेकांत बसवून लेणं 'बांधलं' आणि वर माती घालून डोंगर केला. आतला बुद्ध भूमिस्पर्श मुद्रेत बसलाय. आता मध्ये काच आहे, आत जाता येत नाही, गर्दीत दोन मिनिटंही उभं राहू देत नाहीत. तरीही जा. दुसरं, परतताना एक दिवस हातात राहिला तर योंगजूजवळचा बुसॉक्सा, ६७६ चा. पायऱ्या उभ्या आहेत, आईला जमेल का ते आधीच्या आठवड्यावरून तुम्हाला कळेलच.

पैशांचं आणि वाहनाचं थोडक्यात. मे २०२३ पासून जोग्ये संघाच्या (कोरियातला सगळ्यात मोठा बौद्ध संघ) विहारांचं प्रवेशशुल्क बंद झालंय, वरचे तिन्ही विहार त्यात येतात. बसला टी-मनी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, चालतं. रस्ता शोधायला नेव्हर मॅप वापरा, गुगल मॅप इथे पायी वाट नीट दाखवत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, उतरल्या-उतरल्या स्टॉपवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. मी एकदा डोंगरातली शेवटची बस चुकवली आहे. ऑक्टोबरच्या शेवटी पावणेसहाला अंधार पडतो, आणि तासभर थंडीत टॅक्सीची वाट बघणं तुमच्या आई-बाबांना झेपायचं नाही.

तारखांबद्दल एक. कोरियात उन्हाळी आणि हिवाळी असे तीन-तीन महिन्यांचे दोन वर्षावास असतात. उन्हाळी साधारण आपल्या वैशाख पौर्णिमेपासून श्रावण पौर्णिमेपर्यंत, हिवाळी कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास सुरू होऊन माघ पौर्णिमेपर्यंत. त्या काळात भिक्खू बाहेर पडत नाहीत, ध्यानाची दालनं बंद असतात. तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटी जाताय, म्हणजे दोन वर्षावासांच्या मधे. भिक्खूंशी चहावर बोलायला मिळण्याची शक्यता यात जास्त.

बहुतेक विहारांत दाराजवळ एक टेबल असतं, त्यावर काळी कौलं आणि पांढऱ्या रंगाचं पेन. साधारण दहा हजार वॉन दान देऊन कौलावर घरच्यांची नावं लिहायची. पुढे छप्पर दुरुस्त करताना तेच कौल वर चढतं. नावं देवनागरीत लिहा. माझ्या वडिलांनी तोंगदोसाला लिहिलं होतं, आधी आजीचं नाव, मग आमची, आणि खाली 'जय भीम'. टेबलामागच्या बोसाल्लिमनी अक्षरांवर बोट ठेवून ही कुठली लिपी असं खुणेनेच विचारलं. मी "इंदो" म्हटल्यावर त्यांनी कौल वाळायला पहिल्या रांगेत ठेवलं.

बुकिंग आता लगेच करा. पानगळीच्या दिवसांत शनिवार-रविवार महिनाभर आधी भरतात, म्हणून विहारातले दोन मुक्काम सोमवार ते गुरुवारच्या मध्ये बसवा: एक हेइन्सात, एक सोंगग्वांगसात. तोंगदोसा बुसानहून एका दिवसात होतो. खोली मिळाल्याचा निरोप आला की आईच्या खुर्चीचं पुन्हा एकदा लिहा.